'कॅरी'चा पहिला अर्थ

९ जानेवारी

चि. भिंगरीस,

मावशीचे आशीर्वाद घे आणि लगेच कामाला लाग.

आमच्या कोशाच्या कचेरीत 'सी' अक्षर सुरू झालंय. वाटपात माझ्या पदरात काय पडावं? तर 'कॅरी'. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना 'कॅरट' मिळालं. गाजर लिहिलं आणि सुटल्या, चहा पिऊन घरी गेल्या. मी मात्र या एका क्रियापदापायी उन्हाळा येईपर्यंत घाण्याला जुंपलेली राहणार असं दिसतंय.

इंग्रजांचं एक बरं असतं. आपण मूल कडेवर घेतो, थोडं मोठं झालं की पाठुंगळीला घेतो, पोतं पाठीवर टाकतो, फाइल काखोटीला मारतो, निरोप पोचवतो, छत्री बाळगतो. त्यांना सगळ्याला मिळून शब्द एकच. आवाज लांब ऐकू गेला तरी कॅरी, सभेत ठराव मंजूर झाला तरी कॅरी, बेरजेत हातचा घेतला तरी कॅरीच! जीभ म्हणून कशी ती झिजवायला नको त्यांना.

आमच्या थोरल्या संपादकांचा नियम तुला ठाऊकच आहे. (त्यांना आम्ही पाठीमागे कात्री म्हणतो. लिहिलेलं अर्धं कापल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.) डावीकडे इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उजवीकडे त्या प्रसंगी आपला माणूस खरोखर काय बोलतो ते वाक्य. वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. डोक्यातून काढलेलं चालत नाही आणि दुसऱ्याने येऊन सांगितलेलंही चालत नाही. कार्डाच्या तळाशी कोण बोललं आणि कुठे बोललं तेही लिहायचं.

आता मी पडले खुर्चीवरची बाई. तू लिफ्ट तपासत दिवसभर इमारती पालथ्या घालतेस. वॉचमन, मेकॅनिक, भाडेकरू, दुकानदार, सगळ्यांची बडबड तुझ्या कानावर पडते. तेव्हा भार पेलणं, पाणी वाहून नेणं, आवाज पोचणं, दुकानात माल ठेवणं, ठराव मंजूर होणं, हातचा घेणं आणि साधं उचलून घेणं, एवढ्या अर्थांची वाक्यं पाठव. हातच्यासाठी जावईबापूंना गाठ. घरात गणिताचे मास्तर असून हातचा मिळाला नाही तर काय उपयोग?

बाकी मी ठीक. तुझं पत्र नाही म्हणून रुसले होते, पण कामाच्या निमित्ताने रुसवा मागे घेतला आहे.

तुझी,
मावशी


१८ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. आम्ही दोघं मजेत. माझं काम नेहमीसारखं चाललंय, धावपळ आहेच, म्हणून पत्राला उशीर झाला. रागावू नकोस.

तुझी वाक्यं घे.

हातचा: "अरे, हातचा कुठे गेला? खाल्लास?" बोलणारे मास्तर, स्थळ आमची पुढची खोली. संध्याकाळी शिकवणीची मुलं येतात तेव्हा हे वाक्य इतक्या वेळा येतं की मला झोपेतही ऐकू येतं.

पाणी वाहून नेणं: "वरच्यांचं सगळं पाणी ह्याच पाइपातून जातं, मग ओल येणार नाही तर काय?" बोलणारा प्लंबर, स्थळ आमच्या निजायच्या खोलीची भिंत.

आवाज पोचणं: "अहो, हळू भांडा, खाली सगळं ऐकू जातं." बोलणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या काकू, स्थळ जिना. आम्ही भांडत नव्हतो. मास्तर मला पाढा म्हणून दाखवत होते.

दुकानात माल ठेवणं: "तो साबण आम्ही ठेवत नाही." बोलणारा कोपऱ्यावरचा दुकानदार. मास्तरांनी येऊन सांगितलं.

भार पेलणं: "ही लिफ्ट एका वेळी आठ व्यक्तींचा भार वाहून नेण्यास सक्षम आहे." बोलणारा एका इमारतीचा वॉचमन.

उचलून घेणं: "हमालाने पोतं उचललं." हे फार काही बरं नाही, मला कळतंय.

तुझी कंबर कशी आहे? खुर्चीला उशी लाव.

तुझी,
भिंगरी


२७ जानेवारी

चि. भिंगरीस,

वाक्यं पोचली. 'खाल्लास?' वर अख्खी कचेरी हसली. कात्रीसुद्धा हसले आणि आपण हसलो याचा त्यांना स्वतःलाच राग आला. खालच्या काकूंचं वाक्य तर सोनं आहे. आवाज 'पोचतो' असं आम्ही सगळे लिहीत आलो, आणि बाईने 'ऐकू जातं' म्हणून एका झटक्यात निकाल लावला.

साबणाचं कार्ड मात्र परत. ते मास्तरांनी ऐकलं, तू नाहीस. ऐकीव वाक्य चालत नाही म्हणजे नाही. आणि काय गं, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही आता जावईबापूंना पाठवतेस? फारच साहेबीण झालीस!

वॉचमनचं कार्ड मी बाजूला ठेवलंय. त्याबद्दल मग बोलू.

माझी खरी पंचाईत पहिल्या अर्थाची झाली आहे. उचलून घेणं. कोशात हा सगळ्यात वर बसणार, छापला जाणार ठळक अक्षरात, आणि त्यालाच धड वाक्य मिळेना. अवघड अर्थ धावत आले आणि सोपा हटून बसलाय. हमाल आणि पोतं याच्यापलीकडे कुणाची गाडी जात नाही. कात्री म्हणतात, हमालांनी कोश भरला. डोळे उघडे ठेव आणि कान त्याहून उघडे ठेव.

तुझी,
मावशी


८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

थोडी आणखी वाक्यं.

ठराव मंजूर होणं: "हात वर करा... जिन्यात उभे आहेत त्यांनीपण करा... झाला पास!" बोलणारे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, स्थळ जिन्याचा मधला कठडा. पाण्याच्या टाकीचा ठराव होता. आमचं दार उघडं होतं, शब्दन् शब्द ऐकला.

बाळगणं: "छत्री बाळगायला काय होतं तुला? सोनं लागलंय का तिला?" एक आई आपल्या मुलाला, स्थळ आमच्या खिडकीखाली.

भार पेलणं, दुसरं: "सदर दोरखंड अपेक्षित भार सहज वाहू शकतो." बोलणारा आमचा मेकॅनिक, स्थळ लिफ्टच्या मशीनची खोली.

कामावर गर्दी आहे. पुढचं पत्र जरा उशिरा येईल.

तुझी,
भिंगरी


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

आज आशीर्वाद शेवटी. आधी मला सांग, तुझं काय मोडलंय?

मी या खुर्चीत बसून केस पिकवले ते वाक्यं ऐकून. माणसाने म्हटलेलं वाक्य कुठलं आणि टेबलावर बसून रचलेलं कुठलं, हे मला वासावरून कळतं. 'सक्षम' हा शब्द वॉचमनच्या तोंडात? वॉचमन म्हणेल, "आठच्या वर चढू नका, अडकाल, मग मला हाका मारू नका." आणि 'सदर दोरखंड' म्हणणारा मेकॅनिक अजून जन्माला यायचाय. ही वाक्यं तुझ्या तपासणी अहवालातली आहेत. तू ती ऐकलेली नाहीस. तू मला खोटं वाक्य कधी दिलं नव्हतंस, शाळेत असतानासुद्धा नाही.

खोटी निघाली ती नेमकी कामावरची. मग मी खरी वाक्यं समोर मांडून बसले. पुढची खोली, जिना, खिडकीखाली, निजायच्या खोलीची भिंत. त्यातलं एकेक वाक्य खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येण्यासारखं आहे. दुकानातसुद्धा तू जात नाहीस. लहानपणी तुला एका जागी बसवायला मला दाराला कडी लावावी लागायची. तू इतके दिवस खाटेवर आहेस म्हणजे काही साधंसुधं नाही.

लिफ्टच्या खड्ड्यात पडलीस ना? पाय मोडला की कंबर? का नोकरीच गेली? का घरात बिनसलंय आणि तू दार लावून पडली आहेस? तसं असेल तर मास्तरांचे कान मी येऊन पिळीन, जावई असले तरी.

माय मरो पण मावशी जगो असं लोक म्हणतात. तुझी आई खरोखरच गेली आणि मी जगले, ती काही अंधारात राहण्यासाठी नव्हे. उलट टपालाने खरं काय ते कळव. नाहीतर मी निघतेच.

मावशी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हातपाय शाबूत आहेत. कंबर शाबूत आहे. नोकरी आहे, रजा मिळाली आहे. मास्तरही शाबूत आहेत आणि त्यांचे कान पिळू नकोस, बिचारे सकाळी स्वयंपाक करून शाळेत जातात आणि येताना भाजी आणतात.

मावशी, मला पुन्हा दिवस गेले आहेत.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं सोपं आहे.

डॉक्टरबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे. मागच्या दोन्ही वेळा तिथेच दगा झाला होता, पिशवीला भार धरून ठेवता आला नाही, असं त्या म्हणाल्या. टाका नीट बसलाय. त्याला ताण नको म्हणून कुशीवर झोपायचं, उठायचं ते फक्त गरजेपुरतं. बाळाची वाढ चांगली आहे. हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, हवं तर कार्ड करून पाठवते.

तुला का नाही सांगितलं ते विचारशीलच. मागच्या वेळी आम्ही हौसेने सगळ्यांना सांगितलं होतं. मग एकेकाला परत सांगावं लागलं. त्यात सगळ्यात जड गेलं ते तुला सांगणं. तू उलट पत्रात रडली नाहीस, उपदेश केला नाहीस, फक्त 'वेळेवर जेवत जा' एवढं लिहिलंस. आणि अक्षर इतकं सरळ होतं की मला कळलं, तू ते कितीदा फाडून पुन्हा लिहिलं असशील. या वेळी ठरवलं, बाळ हातात येईपर्यंत तुला त्रास नको. माझ्याबरोबर तुला कशाला टांगून ठेवू?

आणि साळसूदपणा तूही केलास. तुझ्या अर्थांच्या यादीत एक अर्थ नव्हता. मास्तरांचा शाळेतला इंग्रजी कोश मी उशाशी मागवून घेतला आणि पाहिलं. कॅरी म्हणजे पोटात मूल वाढवणं, असाही अर्थ आहे. मास्तर म्हणाले, विसरल्या असतील. मी म्हटलं, माझी मावशी अर्थ विसरत नाही, ती लपवते. मला लागेल म्हणून तू तो गाळलास ना?

तू माझ्यापासून लपवलंस आणि मी तुझ्यापासून. आता फिटंफाट.

तुला लिहून इतकं हलकं वाटतंय की उठून उड्या माराव्यात. पण मना आहे.

तुझी,
भिंगरी


२५ फेब्रुवारी

माझ्या गुणी पोरी,

आशीर्वाद, आशीर्वाद आणि उरलेल्या कागदावरही आशीर्वाद.

तुझं पत्र कचेरीत आलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले, तर खुर्ची जिथे असेल असं वाटलं होतं तिथे नव्हती. गाजरवाल्या बाईंनी मला उठवलं. त्यांना वाटलं काहीतरी वाईट कळलं. मी म्हटलं, नाही हो, माझ्या भाचीचा पाय मोडलेला नाही! त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी तुझ्या नावाने आठवडाभर प्लास्टर, कुबड्या, कोर्टकचेरी सगळं रंगवून बसले होते. तिथून एकदम ही बातमी म्हणजे काय सांगू.

हो, तो अर्थ मीच गाळला. ते कार्ड माझ्या खणात तळाशी पालथं पडून आहे. कात्रींनी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा सांगितलं की वाक्य मिळत नाही. या कचेरीतला माझा हा पहिला खोटेपणा आणि मला त्याचं काडीचं दुःख नाही.

पण एक ऐक. मला टांगून ठेवायला नको म्हणालीस. अगं, मावशी म्हणजे काय काचेचं भांडं आहे? चांगलं झालं तर मिळून हसू आणि नाही झालं तर मिळून रडू. एकटीने दोन्ही कामं कशाला करायची? भीती वाटली की मला लिही, मध्यरात्री वाटली तर सकाळी लिही.

मी आत्ता येत नाही. मी आले तर दिवसभर तुझ्या तोंडाकडे बघत बसेन आणि तू माझ्या, आणि दोघी मिळून त्या टाक्याला धसका देऊ. पण पिशवी भरून दारामागे ठेवली आहे. तू 'ये' म्हटलंस की मी निघाले.

तोवर सोबत कोशाची मुद्रितं पाठवते, चुका काढ. पडून राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चुका काढण्यासारखं औषध नाही.

तुझी,
मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

कुशीवर पडून जमेल तितका वाकून नमस्कार.

मुद्रितं परत पाठवली आहेत. 'कॅट' च्या पानावर मांजर दोनदा व्यालंय, तेच वाक्य खाली पुन्हा छापलंय. कात्रींना सांग, त्यांची धार कमी झाली.

आता भीती वाटली की मी कामाचा विचार करते. नवी लिफ्ट चालू करण्याआधी आम्ही तिच्यात लोखंडाची वजनं भरतो. पाटीवर लिहिलेल्या वजनाच्या सव्वापट. मग ती खाली सोडून मध्येच ब्रेक लावायचा आणि धरते का बघायचं. मशीनच्या खोलीत उभं राहून मी हे कितीदा केलंय, पण लिफ्टला काय वाटत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. मास्तरांना म्हटलं, आता माझी लोड टेस्ट चालू आहे. ते म्हणाले, "पाटीवर किती लिहिलंय?" मी म्हटलं, "आई होण्यास सक्षम." मास्तर असे हसले की खालच्या काकू वर आल्या.

काकूंनाही सांगून टाकलं. त्या आता जिन्यातून जाताना चपला हातात घेतात.

बाळ आतून लाथा मारतं. मागच्या दोन्ही वेळा आम्ही इथपर्यंत पोचलोच नव्हतो.

तुझी,
भिंगरी


२० एप्रिल

चि. भिंगरीस,

माझी दोन पत्रं झाली, तुझं एकही नाही. मुद्रितंही आली नाहीत. टपालखात्यावर राग काढतेय, पोस्टमनने माझ्या दारावरून जायचा रस्ता बदलला आहे.

कात्रींनी 'कॅरी' ची नोंद कापायला मागितली. मी दिली नाही. म्हटलं, अपुरी आहे.

एक ओळ लिही. नुसतं 'ठीक' लिही.

मावशी


२५ एप्रिल

भिंगरे,

नुसता कोरा कागद पाकिटात घालून पाठवलास तरी चालेल. अक्षर पाकिटावरचं बघेन.

मावशी


२९ एप्रिल

ती. मावशींना,

साष्टांग नमस्कार. पत्र मी लिहितो आहे, पण घाबरू नका. शेवटचं वाक्य आधी लिहितो: दोघंही सुखरूप आहेत.

आता रीत. मध्यंतरी एका सकाळी हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. टॅक्सी दारापर्यंत येईना, तेव्हा काकूंचे यजमान आणि मी, दोघांनी हिला खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि रस्त्यापर्यंत नेलं. प्रसूतिगृहात डॉक्टरबाईंनी औषधं लावली. कळा थांबल्या, पुन्हा आल्या, पुन्हा थांबल्या. असं बरंच चाललं. टाका धरून होता. काल डॉक्टरबाई म्हणाल्या, "शांत झालंय सगळं. उद्या घरी न्या." आज घरी आणलं. आत्ता ती झोपली आहे आणि मी शेजारी बसून लिहितो आहे.

तार केली नाही. तार आली की माणूस आधी घाबरतो आणि मग वाचतो. तुमची सगळी पत्रं मला आज पेटीत मिळाली. कोऱ्या कागदाचं वाचून मला रडू आलं, हे तिला सांगू नका. मी गणित शिकवतो, पण या दिवसांत साधी बेरीज सुचत नव्हती. आता सुचते आहे.

ती जिन्यातून उतरताना सुद्धा म्हणाली, "खुर्ची सरळ धरा, भार एका बाजूला येतोय." म्हणजे ती ठीक आहे हे तुमच्या लक्षात येईल.

आपला,
मास्तर


३ मे

मास्तर,

तुम्हाला आजवर मी जावईबापू म्हणत होते त्यात निम्मी थट्टा होती. आजपासून नाही.

शेवटचं वाक्य आधी लिहायची तुमची पद्धत फार चांगली. पत्र वाचून मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कशासाठी ते कळलं नाही, पण उघडल्या आणि बरं वाटलं. मग पोस्टमनला थांबवून चहा पाजला. तो बिचारा अजून बिचकतो आहे.

तिला सांगा, वेळेवर जेवत जा. या वेळी अक्षर वाकडं आहे, कारण पहिल्याच झटक्याला लिहिलंय.

मावशी


१४ जून

प्रिय मावशी,

खणातलं ते पालथं कार्ड बाहेर काढ. लिहून घे.

"भरले हो दिवस. आता कधी का येईना."

बोलणाऱ्या डॉक्टरबाई, स्थळ प्रसूतिगृहातली तपासणीची खोली. काल टाका काढला आणि हात धुता धुता, आमच्याकडे पाठ करून, त्या हे म्हणाल्या. नळ चालू होता. मी म्हटलं, "काय म्हणालात?" त्यांनी नळ बंद केला आणि परत म्हणाल्या. ऐकू आलं होतं गं पहिल्यांदाच. दुसऱ्यांदा फक्त ऐकायची हौस.

आता मला चालायची परवानगी आहे. काल पुढच्या खोलीपर्यंत गेले, तर शिकवणीची मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटत होतं मास्तरांची बायको नुसता भिंतीपलीकडचा आवाज आहे. मी जिन्याच्या कठड्यापर्यंत गेले. सगळं इतकं मोठं दिसतं! आमच्या इमारतीला लिफ्ट का नाही, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे.

मावशी, मी धरून ठेवलं. मला जमलं.

तुझी,
भिंगरी


१९ जून

चि. भिंगरीस,

जमलं तुला, माझ्या राणी. जमलं.

कार्ड कात्रींसमोर ठेवलं. ते म्हणाले, "कोशात एखाद्याचे दिवस भरले म्हणजे तो मरायला टेकला, असंही आहे, वाचणाऱ्याचा घोटाळा होईल." मी म्हटलं, "साहेब, या वाक्याला हात लावलात तर तुमचे भरलेच समजा." त्यांनी कात्री खिशात घातली. मग हळूच विचारलं, "भाची बरी आहे ना?" मी कधी सांगितलं नव्हतं त्यांना. गाजरवाल्या बाईंचं काम.

आता नोंदीत एकच जागा रिकामी उरली आहे. तोच तो पहिला अर्थ. छापखाना आमच्या नावाने बोटं मोडतोय. मी म्हटलं, मोडा.

पिशवी दारामागेच आहे. विचारत नाही, नुसतं सांगते.

तुझी,
मावशी


२ जुलै

प्रिय मावशी,

मुलगी झाली. ठणठणीत आहे. मीही ठणठणीत, जरा दमलेली. मास्तर तिला तिची बोटं मोजून दाखवत आहेत आणि दर वेळी उत्तर बरोबर आल्याचा त्यांना आनंद होतोय.

आवाज माझ्यावर गेलाय. पहिल्या दिवशी घरी आणलं तर तिने टाहो फोडला. मी घाबरून दार लावायला लागले, तर काकू खालून ओरडल्या, "रडू दे गं तिला! खाली सगळं ऐकू येतं, बरं वाटतं." कार्ड तुझ्याकडे एक आहेच, हवं तर त्याला जोड.

पहिल्या अर्थाचं मात्र वाक्य मला मिळालं. तू इतके महिने बाहेर हमाल शोधत बसलीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कार्ड असं आहे:

"मावशी, ये आता. घे हिला."

बोलणारी मी. स्थळ आमची निजायची खोली, ओलीच्या भिंतीजवळ. लिहिलेलं चालत नाही हे मला माहीत आहे, म्हणून आत्ता मोठ्याने म्हटलं. मास्तर साक्षीला आहेत.

तुझी,
भिंगरी


५ जुलै

चि. भिंगरीस आणि चि. नव्या बाईसाहेबांस,

कार्ड नामंजूर. वाक्य मास्तरांनी ऐकलं आहे, मी नाही. ऐकीव वाक्य चालत नाही, हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

पिशवी दारामागून काढली. हे पत्र टाकते आणि तशीच पुढे निघते. मी दारात दिसले की पुन्हा म्हण.

मावशी